चालत खेळलेली मॅच

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या घरी क्रिकेट होतं, तेही वडिलांच्या रेडिओपुरतं. तरीही एका पोलिश मिडफिल्डरची जवळजवळ सगळी कारकीर्द मी पाहिलेली आहे, शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटी. आणि ती पाहताना माझं लक्ष एकदाही बॉलकडे गेलं नाही.

मी सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात इको काढते, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पेशंटला अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर झोपवायचं, छातीला थंडगार जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि स्क्रीनवर हृदय दिसायला लागलं की ते मोजायचं. निदान डॉक्टर करतात. आम्ही चित्रं काढायची, मापं घ्यायची, आणि जे दिसलं त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पुण्यात मला ज्या मॅडमनी हे काम शिकवलं, त्या फार कडक होत्या. त्यांनी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसवली होती. काही वाईट सापडलं, की गप्प बसायचं नाही. चांगली बोलणारी बाई एकदम गप्प झाली की पेशंटला कळतं. म्हणून पहिल्यापासून बोलत राहायचं, आणि सापडलं तरी त्याच सुरात बोलत राहायचं. मला ते जड गेलं नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, हिला पगार बोलायचाच मिळतो.

तो मिडफिल्डर आला त्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्याच एका क्लबनं पाठवलं होतं. सरावात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि तो खाली बसला होता. त्याचं म्हणणं, ऊन. इथं आलेला प्रत्येक युरोपियन पहिली दोन वर्षं सगळ्याचं खापर उन्हावर फोडतो, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. उंच, हडकुळा, कानांपाशी पांढरे झालेले केस, नडग्यांवर जुन्या बुटांचे व्रण. बाकीचे परदेशी खेळाडू कॉन्डो शोधतात, हा हौगांगला एचडीबीच्या, म्हणजे साध्या सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये एकटा राहत होता. बायको आणि मुलगी पोलंडमध्येच होत्या, शाळेच्या सुट्टीत यायच्या. हे सगळं मी जेल लावेपर्यंत काढून घेतलं होतं.

मग मी जेवणावर गेले. जेवण हा माझा हुकमी विषय, त्यावर कुठल्याही देशाचा माणूस बोलतो. त्यानं सांगितलं की त्याची आई एक पदार्थ करते, मैद्याची पारी, आत बटाटा आणि चीज, अर्धचंद्रासारखी घडी घालून उकडायची. मी म्हटलं, हे आमच्या करंजीचंच भावंड झालं, फक्त आमची तळलेली आणि गोड. कडा कशा बंद करता, त्यानं विचारलं. बिचारा खरंच ऐकत होता. मी सांगायला लागले आणि त्याच वेळी प्रोब थोडा तिरका केला.

हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमध्ये एक भिंत असते. खेळाडूंमध्ये ती थोडी जाड असतेच, मेहनतीनं होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ही तशी नव्हती. ही फक्त एकाच बाजूनं, एकाच ठिकाणी फुगलेली होती, आणि प्रत्येक ठोक्याला रक्ताची वाट अडवत होती. मी माप घेतलं. पुन्हा घेतलं. मी बोलत होते. शिकवल्याप्रमाणे एक क्षणही थांबले नाही. कडा बोटांनी नीट दाबायच्या, सारण फार भरायचं नाही, जास्त झालं तर तेलात गेल्यावर फुटते, आधी दुधाचं बोट फिरवून घ्यायचं. सगळं व्यवस्थित, त्याच सुरात.

शेवटचं चित्र साठवून मी प्रोब ठेवला, तेव्हा तो माझ्याकडे बघत होता.

“तुम्ही भाषा बदललीत,” तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. करंजीच्या अर्ध्यातून मी मराठीत गेले होते. त्या अनोळखी गोऱ्या माणसाला मी ‘अहो, जरा श्वास सोडा, हं, आता थांबा असेच’ म्हणत राहिले होते, आणि त्यानं श्वास सोडला होता आणि थांबवलाही होता. इतक्या वर्षांत माझं असं कधी झालं नव्हतं. पुढेही कधी झालं नाही.

मी ते हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. त्याचं इंग्रजी तोकडं होतं, पण जे सांगायचं ते सांगण्यापुरतं पुष्कळ होतं. मिडफिल्डरच्या पाठीमागे नेहमी कुणीतरी असतो, तो म्हणाला. बॉल आपल्याकडे येत असतो तेव्हा मागचा माणूस दिसत नाही, फक्त त्याची पावलं ऐकू येतात. ती ज्या क्षणी बदलतात, त्या क्षणी समजायचं की तो निघाला. “मी आयुष्यभर एवढंच केलं.” मग त्यानं विचारलं, “आज संध्याकाळी मॅच आहे. खेळू?”

“डॉक्टर सांगतील,” मी म्हटलं.

“डॉक्टर उद्या भेटणार आहेत.”

त्याला तसाच पडून राहायला सांगून मी बाहेर आले आणि ओपीडीत सरळ आत घुसले. आमच्या डॉक्टर चिनी, अगदी बारीक आवाजाच्या, पण त्यांच्या खोलीत असं कुणी घुसत नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि समोरच्या पेशंटची क्षमा मागून उठल्या. चित्रं बघितली. मग त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं. हा जन्माचा दोष आहे, घराण्यातून येतो. रोजचं जगणं औषधांवर नीट चालेल. पण धावायचं नाही, खेळायचं नाही. आज नाही आणि पुढेही नाही. हे हृदय खेळता खेळता कुठल्याही दिवशी बंद पडू शकतं. घरात कुणी अचानक गेलंय का, त्यांनी विचारलं. फॉर्मवर त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं.

“माझे वडील खाणीत गेले,” तो म्हणाला. “कोळशाच्या खाणीत. वर येताना जिन्यावर बसले ते उठलेच नाहीत. आम्ही सगळे म्हणायचो, खाणीनं मारलं.”

त्यानं माझ्याकडे जेल पुसायला कागद मागितला. छाती पुसली, कागदाची नीट घडी केली, शर्ट घातला, दोघींशी हात मिळवले. एका माणसाचं सगळं काम, लहानपणापासूनचं, त्या अंधाऱ्या खोलीत संपलं, आणि बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर लागला.

पेशंटबद्दल घरी बोलायचं नाही, हा नियम मी पाळते. नवऱ्याला मी एवढंच म्हटलं की इथल्या एका टीममध्ये अमुक नावाचा पोलिश माणूस आहे म्हणे, त्याचे जुने खेळ बघायला मिळतील का. तो बुओना व्हिस्टाला सॉफ्टवेअर कंपनीत. अशा शोधाशोधीत त्याला भारी रस. आधी मला पोटभर चिडवून घेतलं. “ऑफसाइड म्हणजे काय सांग, मग शोधतो.” मग शोधलं आणि एका रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी लॅपटॉप ठेवून दिला.

तेव्हापासून ते माझ्या मागे लागलं. इथल्या मॅचेस संपल्यावर सायप्रसच्या निघाल्या, धुळीच्या मैदानावरच्या. त्याआधी पोलंडमधल्या, मोठ्या क्लबच्या. एकदा त्याला राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बोलावलं होतं, तिथं तो बाकावर बसलेला दोन क्षण दिसतो, अंगावर शाल घेतल्यासारखं जाकीट घेऊन. सगळ्यात जुनी क्लिप बर्फातली होती. बॉल नारिंगी, पोरगेलासा चेहरा, तोंडातून वाफा. तो गोल करत नसे. बॉल यायच्या आधी डाव्या खांद्यावरून एकदा मागे बघायचा, उजव्या खांद्यावरून एकदा, आणि बॉल आला की लगेच दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचा. समालोचक त्याचं नाव फारसं घेत नसत. नवरा म्हणाला, “हा भारी आहे, पण कुणाच्या लक्षात राहणार नाही.”

माझ्या लक्षात त्याची छाती राहिली. जर्सीच्या आत, नंबराच्या खाली, मला ती भिंत दिसायची. त्या बर्फातल्या पोरामध्येही ती होतीच, वाढत होती, आणि तो तिला घेऊन धावत होता. कुणी त्याला पाडलं की मी श्वास रोखून बसायचे. मला माहीत होतं की तो उठणार आहे. पुढच्या सगळ्या क्लिप मी आधीच पाहिल्या होत्या, त्यात तो मोठा झालेला होता, म्हणजे उठलाच असणार. तरी दर वेळी मला वाटायचं, आता नाही उठत. गोल झाल्यावर बाकीचे त्याच्या अंगावर उड्या घ्यायचे तेव्हा तर मी लॅपटॉप बंद करायचे. नवऱ्याला वाटलं, मला खेळ कळायला लागलाय.

घराबाहेरही ते सुटेना. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, समोर कुणी तरुण पोरगा जिममधून घामेजून येऊन बसला की मी त्याच्या छातीकडे बघत बसायचे. एकानं तर बॅग पुढे घेतली. मला स्वतःचाच राग यायला लागला. रोज वाईट दिसतंच या कामात, आणि रोज मी घरी येऊन जेवते, भांडते, झोपते. हाच एक माणूस का घरी येतो, ते मला कळत नव्हतं. त्याच्याशी मी घरच्या भाषेत बोलले होते, एवढाच काय तो फरक.

मग मी त्याला पाहिलं. हौगांगला माझी एक मैत्रीण राहते, नागपूरकडची, संशोधन करते. शनिवारी दुपारी तिच्याकडे जेवायला गेले होते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं सिमेंटचं मैदान दिसतं, पोरं बास्केटबॉल खेळतात ते. ऊन इतकं होतं की पोरंही नव्हती. तो एकटाच होता. चालत होता. आधी मला वाटलं, फेऱ्या मारतोय. मग त्यानं डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, उजव्या खांद्यावरून बघितलं, हळूच वळला आणि पाय पुढे करून बॉल कुणाला तरी दिला. बॉल नव्हता. मग चालतच दुसऱ्या जागेवर गेला, हात वर करून बॉल मागितला, पुन्हा मागे बघितलं. डॉक्टरांनी त्याला फक्त चालायची परवानगी दिली होती, आणि तो चालत चालत अख्खी मॅच खेळत होता.

“रोज येतो नं तो,” मैत्रीण भाकरी थापता थापता म्हणाली. “बॉल-बिल काही नसते त्याच्याजवळ. आधी भीतीच वाटली मला. पण कोणाला काही करत नाही.”

तो मध्येच थांबला. एका जागी उभा राहून समोर बघत राहिला, बराच वेळ, दोन्ही हात कमरेवर. मॅचमध्ये कुणी पडलं की बाकीचे उभे राहतात तसा. कुणासाठी थांबला होता ते मला कळलं नाही, आणि मला तिथून बघवेनाही. मी जेवले नाही धड. मैत्रिणीला वाटलं, ठेचा तिखट झाला.

सुट्टीत त्याची मुलगी आली. घराण्यातला दोष म्हटल्यावर मुलांची तपासणी करावीच लागते, डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगी आठ-नऊ वर्षांची, गुडघे फुटलेले, तीही खेळायची. बायकोला इंग्रजी येत नव्हतं, ती बाहेर बसली. आत येण्याआधी त्यानं मला दारात थांबवलं. त्यानं काय ठरवलंय ते मला सांगितलं. मुलीला हे असेल, तर तो पुन्हा आयुष्यात बॉलला पाय लावणार नाही. तिला दिसायला हवं की खेळाशिवायही माणूस जगतो, हसतो, नीट राहतो. “मी तिला जगून दाखवीन,” तो म्हणाला. मी मान हलवली. तिला नसेल तर काय, हे मी विचारलं नाही. मला सुचलंही नाही. मी मनात देवाचं नाव घेत होते.

त्या दिवशी मी शाळेतल्या मुलीसारखं जपून इंग्रजी बोलले. मुलीला तिच्या शिक्षकांबद्दल विचारलं, मांजराबद्दल विचारलं; तो भाषांतर करत होता आणि माझा एकेक शब्द तोलून ऐकत होता. हृदय लहानसं, चपळ, स्वच्छ. भिंत कागदासारखी सरळ. मला ते चित्र बघून रडूच येत होतं, आणि ते दाबून मी मांजराबद्दल बोलत होते. डॉक्टर म्हणाल्या, आज सगळं उत्तम आहे, पण हे वाढत्या वयात दिसायला लागतं, तेव्हा रक्ताची तपासणीही करू. त्याच्या रक्तात दोष नेमका सापडला होता. तिच्यात तो आहे की नाही, ते त्यावरून कळणार होतं.

ते कळायला बरेच आठवडे गेले. तोवर मुलगी परतही गेली होती. एक दिवस दुपारी तो खोलीच्या दाराशी आला, हातात चॉकलेटात बुडवलेल्या आलुबुखारांचा डबा. दोन पेशंटच्या मधली वेळ होती. मुलीच्या रक्तात काही नव्हतं. तिला हे कधीच होणार नव्हतं. मी उठून त्याचे दोन्ही हात धरले. त्या खोलीत चांगली बातमी क्वचितच येते, आणि आलीच तर आमच्यापर्यंत पोचत नाही.

“आता हे फक्त माझं आहे,” तो म्हणाला.

त्याचा चेहरा इतका मोकळा मी कधीच पाहिला नव्हता, एकाही क्लिपमध्ये नाही. म्हणूनच मला समजायला वेळ लागला. तो सांगत होता की तो घरी परत चाललाय. त्याच्या गावाला एक छोटा क्लब आहे, खाणकामगारांचा. तिथं रविवारी खेळतात. तिथं इको वगैरे कुणी विचारत नाही. अर्धाच वेळ खेळीन, तो म्हणाला. हळू खेळीन.

मी चिडले. मी चिडले की माझं इंग्रजी फार चांगलं होतं. मी म्हटलं, तुमच्या मुलीला बाप लागतो की नाही? तुमचे वडील जिन्यावर बसले तेव्हा तुम्ही केवढे होतात? त्यानं वय सांगितलं नाही. तो म्हणाला, मी काही महिने चाललो. मी चांगला चाललो. तिला हे असतं तर मरेपर्यंत चाललो असतो, खरंच. पण तिला नाही. मग मी आता कुणासाठी चालायचं?

दुसरं कुणी असतं तर मी शंभर उत्तरं दिली असती, आणि ती सगळी बरोबर असती. डॉक्टरांना सांगीन, मी म्हटलं. सांगा, तो म्हणाला, त्यांनी मला हे आधीच सगळं सांगितलंय. मी सांगितलंही. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि त्याला फोन केला, बराच वेळ बोलल्या. तो फार नम्रपणे ऐकत होता म्हणे. आठवड्याभरात तो सिंगापूर सोडून गेला.

त्या डब्यातलं एकही आलुबुखार मी खाल्लं नाही. त्याच्या मुलीची बातमी ऐकून मी हात धरले होते, ते मला आठवायचं. ती बातमी चांगलीच होती. दुसरी कुठली यायला हवी होती असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्याच बातमीनं तो पुन्हा धावायला मोकळा झाला, आणि मला तो आनंद आणि ही भीती दोन्ही एकदम धरून ठेवावं लागतं.

पुढच्या वर्षी कधीतरी, रविवारी, नवरा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. फार खुशीत होता. “तुझा पोलिश माणूस बघ. परत खेळायला लागलाय.” कुणीतरी फोनवर काढलेला व्हिडिओ होता, हलणारा. उतारावरचं मैदान, मागे खाणीची धुराडी, दहा-वीस माणसं टोप्या घालून उभी. तो दिसायला मला वेळ लागला नाही. डाव्या खांद्यावरून बघितलं, उजव्या खांद्यावरून बघितलं. बॉल आला, त्यानं तो दिला आणि धावला. चालला नाही. जोरात धावला, सगळं अंग टाकून, आणि तोंडभर हसत होता. फोन धरणारा कुणीतरी त्याचं नाव ओरडत होता. तो कॅमेऱ्याजवळून धडधडत गेला आणि व्हिडिओ तिथंच संपला.

“जुना दिसतोय हा, मागच्या थंडीतला,” नवरा म्हणाला. “थांब, पुढे काय झालं बघू.” आणि तो त्याचं नाव टाइप करायला लागला.

मी त्याचा हात धरला. माझे हात कणकेचे होते, ते त्याच्या बाहीला लागले.

“नको शोधूस.”

“अगं, का?”

मला ते सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि त्यानं मागे लागून विचारलंही नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला म्हटलं, मघाचंच परत लाव. त्यानं लावलं. तो पुन्हा धावला, मी पुन्हा लाव म्हटलं, आणि परात तशीच पडून राहिली.